यार्नेल हिलचे १९ जण, नागझिऱ्याचे तिघे आणि आगीवर पाठवलेली हंगामी माणसं

प्राची_फिनिक्स

उन्हाळा सुरू झाला की ॲरिझोनात कुठे ना कुठे डोंगर पेटतो आणि मग घरून फोन येतात, तुम्ही ठीक आहात ना, धूर येतोय का वगैरे. आम्ही ठीकच असतो. जी पोरं त्या डोंगरावर चढून आगीच्या तोंडाशी जमीन खरवडत असतात त्यांच्याबद्दल मात्र आपल्या मराठी मंडळींत मी कुणाला बोलताना फारसं ऐकलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. लांबलचक होणार आहे, सवडीने वाचा.

यार्नेल हे फिनिक्सच्या वायव्येला, गाडीने साधारण दीड तासावरचं छोटं गाव. २८ जून २०१३ ला शुक्रवारी संध्याकाळी गावाच्या पश्चिमेकडच्या डोंगरावर वीज पडून आग लागली. सुरुवातीला अगदीच लहान होती. पण तिथली झुडपं ४५ पेक्षा जास्त वर्षांत एकदाही जळलेली नव्हती, दाट वाढलेली आणि जून महिना म्हणजे पार वाळून कोळ. रविवारी ३० जूनला सकाळी प्रेस्कॉट शहराच्या अग्निशमन दलातला ‘ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स’ नावाचा २० जणांचा क्रू तिथे पोचला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हॉटशॉट क्रू म्हणजे पायी जाणारं पथक. लाल बंब नाही, पाण्याचा पाइप नाही. हातात चेनसॉ, फावडी आणि पुलास्की (एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं). आगीच्या पुढे किंवा कडेने झाडोरा तोडायचा, खालची माती उघडी पडेपर्यंत पट्टा खरवडायचा म्हणजे आगीला जळायला काही उरत नाही. पाठीवर वीस किलोच्या आसपास ओझं आणि शिफ्ट १६ तासांची. या कामाच्या फिटनेस परीक्षेतच ४५ पौंड पाठीवर घेऊन ३ मैल ४५ मिनिटांत चालून दाखवावं लागतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत आग यार्नेलपासून लांब, उत्तरेकडे जात होती. चारच्या सुमारास जवळच्या गडगडाटी वादळातून खाली आलेल्या वाऱ्याने तिची दिशाच फिरवली, आणि जी आगीची बाजू आतापर्यंत शेपूट होती तीच तोंड झाली आणि यार्नेलकडे सुटली. क्रूचा लुकआऊट ब्रेंडन मॅकडोनो खाली एका टेकाडावर एकटा नजर ठेवून होता. आग ठरवलेल्या खुणेपर्यंत आली तशी त्याने जागा सोडली, दुसऱ्या क्रूच्या प्रमुखाने त्याला गाडीत घेतलं म्हणून तो वाचला. बाकीचे १९ जण वर आधीच जळून गेलेल्या भागात होते, या लोकांच्या भाषेत ‘ब्लॅक’मध्ये. तिथे ते सुरक्षित होते. तिथून ते उतरले, बहुधा गावाजवळच्या एका रँचकडे जायला, ती जागा आगीत टिकेल अशी म्हणून आधीच ठरलेली होती. वाटेत तीन बाजूंनी बंद असलेली घळ लागते. घळीत उतरताना मधल्या डोंगरामुळे आग त्यांना दिसेनाशी झाली आणि ती परत दिसली तेव्हा समोरच होती. तपासात म्हटलंय की तयारीला दोन मिनिटंही मिळाली नाहीत. त्या तेवढ्या वेळात त्यांनी चेनसॉने झुडपं तोडून मोकळी जागा करायला घेतली, जळायला काही उरू नये म्हणून कडेला आग लावून बघितली, आणि मग सगळेजण एकमेकांच्या जवळ राहून शेल्टरमध्ये (आगीपासून बचावाच्या एकेकट्याच्या तंबूत) शिरले. रँच तिथून साधारण ६०० यार्डांवर. वरती आग रोखणारं रसायन घेऊन मोठं विमान घिरट्या घालत होतं पण धुरात ते नेमके कुठे आहेत हेच कुणाला कळलं नाही.

१९ जण गेले. सगळ्यात लहान २१ वर्षांचा, क्रूचा प्रमुख एरिक मार्श ४३ चा.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं टाइप केलं ते सांगते. या १९ पैकी फक्त ६ जण कायम नोकरीत होते. १३ जण हंगामी. काम तेच, ओझं तेच, घळ तीच. पण आयुष्यभराचं पेन्शन आणि आरोग्य विमा शहराकडून मिळाला तो आधी ६ कुटुंबांना. बाकीच्यांना केंद्र सरकारची एकरकमी मदत आणि नुकसानभरपाई मिळाली, लोकांनीही भरभरून देणग्या दिल्या, पण कायम कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. एका जवानाच्या बायकोने, चार लहान मुलं पदरात असताना, माझा नवरा वर्षभर पूर्णवेळ काम करत होता हे कागदोपत्री सिद्ध करायला भांडण मांडलं आणि स्थानिक पेन्शन बोर्डाने पुढच्या वर्षी ते मान्य केलं. नवरा गेल्यावर तो पूर्णवेळ होता हे सिद्ध करत बसायचं, हे मला अजून पचत नाही.

*

केदार_के

वाचताना काटा आला. पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. ते सुरक्षित जागेत होते म्हणता, मग उतरले का? इतके ट्रेन्ड लोक, आणि नियम तर असणारच ना? मग हा त्यांचा निर्णय चुकला असं का म्हणायचं नाही, आपण मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाही म्हणून?

*

प्राची_फिनिक्स

@केदार राग नाही, इथे पण सगळ्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं. नियम आहेत. १९५७ पासूनचे १० फायर ऑर्डर आहेत, वर १८ धोक्याच्या परिस्थितींची यादी, आणि प्रत्येक क्रू मेंबरला पाठ असतात चार गोष्टी: लुकआऊट, संपर्क, पळायची वाट, सुरक्षित जागा.

ते का उतरले हे कुणालाही माहीत नाही, कारण शेवटच्या जवळपास अर्ध्या तासात त्यांचं रेडिओवर जे बोलणं झालं ते फार थोडं आणि अस्पष्ट आहे. राज्याने नेमलेल्या तपास पथकाचा अहवाल सप्टेंबर २०१३ मध्ये आला, त्यात कुणाचा निष्काळजीपणा किंवा नियमभंग दिसत नाही असं म्हटलं. डिसेंबरमध्ये राज्याच्याच कामगार सुरक्षा खात्याने बरोबर उलटं सांगितलं, की गावातली घरं आणि मालमत्ता वाचवण्याला माणसांच्या जिवापेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं, आणि राज्याच्या वन खात्याला ५ लाख ५९ हजार डॉलरचा दंड प्रस्तावित केला. एकाच राज्याच्या दोन चौकश्या, दोन निष्कर्ष.

माझं मत विचाराल तर, गाव पेटायला निघालंय हे वरून दिसत असताना जळक्या जमिनीवर बसून बघत राहणं या लोकांना जमत नसावं. गावातली सव्वाशेच्या आसपास बांधकामं त्या दिवशी जळाली. पण हे माझं मत, पुरावा नाही. ज्यांना उत्तर माहीत होतं ते एकोणीसही जण गेले, त्यामुळे ठामपणे ‘चुकले’ म्हणायचा धीर मला होत नाही.

*

अनिकेत_सॅक्रामेंटो

चांगला धागा. थोडा इतिहास टाकतो कारण भरपाईवाला मुद्दा शंभर वर्षं जुना आहे.

प्राचीने जी पुलास्की सांगितली ना, तिचं नाव एड पुलास्की या वन रेंजरवरून पडलंय. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटानात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, ७८ फायरफायटर गेले. बहुतेक कोण होते तर खाणीतून, रेल्वेच्या कामावरून, दारूच्या गुत्त्यांतून गोळा करून आणलेले रोजंदार मजूर, कित्येक परदेशातून आलेले. पुलास्कीने आपल्या चाळीसेक माणसांना वॉलेस गावाजवळच्या एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेलं, तोंडाशी ओली ब्लँकेटं धरून उभा राहिला, माणसं घाबरून बाहेर पळायला लागली तर पिस्तूल दाखवून आत थांबवली. पाच-सहा सोडले तर सगळे जगले. त्याची स्वतःची नजर आणि फुफ्फुसं कायमची अधू झाली. सरकारने उपचाराचा खर्च दिला नाही. तरी हा माणूस पुढे वीस वर्षं त्याच कामावर, आणि नंतर हे अवजार सुधारून देशभर पोचवलं.

दुसरं, मॅन गल्च, मोंटाना, ५ ऑगस्ट १९४९. १६ जण आगीपुढे चढावर धावत होते. फोरमन वॅग्नर डॉजने धावता धावता थांबून पुढच्या गवताला स्वतःच काडी लावली आणि जळालेल्या राखेत पालथा पडला, बाकीच्यांना पण बोलावत होता. त्या गोंधळात कुणाला कळलंच नाही हा काय करतोय. १३ गेले, डॉज आणि आणखी दोघं जगले. चढावर आग माणसापेक्षा वेगात पळते हे त्या दिवशी जे कळलं ते १९९४ ला कोलोरॅडोत स्टॉर्म किंग डोंगरावर परत दिसलं, तिथे १४ जण गेले, त्यातले ९ एकाच हॉटशॉट क्रूचे.

आता आमच्या कॅलिफोर्नियाचं. इथे कैद्यांचे क्रू आहेत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला पॅलिसेड्स आणि ईटन आगी लागल्या तेव्हा हजाराच्या आसपास कैदी आग विझवायच्या कामावर होते. त्या वेळी त्यांना दिवसाला ५.८० ते १०.२४ डॉलर, आणि प्रत्यक्ष आगीवर असताना तासाला १ डॉलर जास्त. म्हणजे शहरात एका सँडविचला जेवढे पडतात तेवढ्यात माणूस दिवसभर धुरात. ते स्वतःहून अर्ज करून येतात हे खरंय, शिक्षा कमी होते, मोकळ्या हवेत राहायला मिळतं. पण तुरुंगात बसायचं की आगीत जायचं यातून निवडलेल्या गोष्टीला मी तरी मनापासून स्वखुशी म्हणू शकत नाही. आणि बाहेर आल्यावर याच अनुभवावर फायर खात्यात नोकरी मिळवताना रेकॉर्ड आडवं यायचं, २०२० च्या कायद्याने ते जरा सोपं केलं.

*

डॉ_शुभांगी

मी ऑक्युपेशनल हेल्थमध्ये आहे म्हणून दोन शब्द. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जळून मरणं येतं, पण जंगलातल्या आगीवर काम करणाऱ्यांच्या मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा झटका, गाडीचे अपघात, विमान किंवा हेलिकॉप्टर पडणं, आणि वरून जळकं झाड कोसळणं हेही खूप आहे. आतून पोखरलेलं जळकं झाड आवाज न करता पडतं. उन्हात, इतक्या कपड्यांत, इतके तास स्नायू ताणले की ते अक्षरशः फुटायला लागतात आणि त्यातलं प्रथिन रक्तात उतरून किडनी बंद पाडतं, धडधाकट पंचविशीतली मुलं डायलिसिसवर गेलेली आहेत. लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच क्षणी काम थांबवून हॉस्पिटल, हे प्रत्येक क्रूला माहीत हवं.

आणि धूर. शहरातला फायरमन सिलेंडर आणि मास्क लावून आत शिरतो. इथे ते शक्यच नाही, तो सिलेंडर अर्धा तास पुरतो आणि शिफ्ट १६ तासांची, शिवाय डोंगर चढायचाय. म्हणून वर्षानुवर्षं फडकं बांधून काम, ज्याने बारीक कण अडतच नाहीत. कॅम्पसुद्धा बऱ्याचदा दरीत, जिथे रात्री धूर साचतो, म्हणजे झोपेतही तेच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फायरफायटिंगचा पेशाच पहिल्या गटात टाकला, म्हणजे कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात. हंगामी माणसाचं यात जास्त नुकसान आहे हे लक्षात घ्या. तो पाच-सात सीझन करतो, काम सोडतो, दुसरीकडे लागतो, आणि वीस वर्षांनी आजार निघाला की तो कुठल्या धुराचा हे कोण मान्य करणार? अमेरिकेत केंद्राच्या फायरफायटर्ससाठी काही कॅन्सर कामामुळेच झाले असं गृहीत धरण्याचा कायदा डिसेंबर २०२२ ला झाला, तोही किती उशिरा बघा.

*

मिलिंद_गोंदिया

प्राचीताई, तुमचं ते ६ आणि १३ वाचून हातातला फोन बाजूला ठेवला थोडा वेळ. आमच्याकडचं सांगतो, कारण महाराष्ट्रातल्याच लोकांना माहीत नाही.

८ एप्रिल २०२१, नागझिरा अभयारण्य, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. जंगलात आग लागली, पन्नास-साठ लोक विझवायला. संध्याकाळपर्यंत बरीचशी आटोक्यात आली होती. मग वारा सुटला. डोंगराळ भाग, आग परत भडकली आणि मजूर मधात अडकले. तीन वनमजूर जागीच गेले, दोघं गंभीर भाजले. तेव्हा कोरोनाची दुसरी लाट होती, टीव्हीवर बेड आणि ऑक्सिजनशिवाय काही नव्हतं, या तिघांची बातमी एक-दोन दिवसांत संपली.

आमच्याकडं फायर सीझन १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याच्या आधी जाळरेषा घ्यायच्या, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापून, पाला झाडून, जाळून मोकळं करायचं. तुमचे हॉटशॉट जे आगीपुढं करतात तेच आम्ही आगीच्या आधी करतो. मग सीझनभर गावातलीच पोरं फायर वॉचर म्हणून रोजंदारीवर. आता देहरादूनवरून सॅटेलाइटचा अलर्ट मोबाइलवर येते, की अमुक ठिकाणी आग दिसून राहिली. अलर्ट आला की जायचं, चार-पाच किलोमीटर पायी, दिवस असो की रात्र. कुणाच्या पाठीवर ब्लोअर, पाला उडवून वाट तोडायला. ज्याच्याकडं ब्लोअर नाही त्याच्या हातात ओल्या पानांची फांदी. पायात बरेचदा साधी चप्पल किंवा प्लास्टिकचा बूट. अंगात टेरिकॉटचा शर्ट, जो आगीत वितळून कातडीला चिकटते. शेल्टर वगैरे मी या धाग्यावरच पहिल्यांदा वाचलं.

माझा मामा हे काम करते. कोणत्या रेंजला ते नाही सांगत, त्याची रोजी जाईल. मजुरी दोन-दोन महिने थकते. मामी म्हणते नका जाऊ, तो म्हणते माझ्याच जंगलातला मोह आणि तेंदू आहे, मी नाही जाणार तर कोण जाईल.

आणि हो, आग लागते कशी तेही खरं बोलतो. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी चांगली येते म्हणून जाळतात. लावणारे गावचेच आणि विझवताना मरणारे पण गावचेच. झाडाखाली जाळी नाहीतर जुन्या साड्या अंथरून मोह वेचता येते, काही गावांनी सुरू पण केलं, पण त्याला जाळ्या पुरवाव्या लागतात.

*

सह्यवेडा_सातारा

@मिलिंद दादा, तुमच्या मामांना नमस्कार सांगा.

आमच्याकडं साताऱ्यात जानेवारी संपली की वणवे सुरू. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं उगवतं ही समजूत, नाहीतर कुणीतरी टाकलेली बिडी. आम्ही गडावर जाणारी पोरं दिसला वणवा की फांद्या घेऊन विझवायला पळतो, व्हिडिओ पण टाकतो, लोक वाहवा करतात. हा धागा वाचून वाटतंय की आम्हाला ट्रेनिंग काहीच नाही. वरच्या अंगानं आगीच्या समोर उभं राहून झोडपणारी पोरं मी पाहिलीत, उतारावरून आग वर येत असताना. प्राचीताई, निदान मोटामोटी काय पाळावं ते लिहाल का?

*

अनिकेत_सॅक्रामेंटो

@सह्यवेडा मी इथल्या एका व्हॉलंटियर क्रूसोबत बेसिक कोर्स केलाय, त्यावरून सांगतो. पहिलं म्हणजे विझवायला न जाणं हा सगळ्यात चांगला पर्याय आहे, वन विभागाला कळवा, महाराष्ट्रात १९२६ हा हेल्पलाइन नंबर आहे. गेलातच तर आगीच्या वरच्या बाजूला चढावर कधीच उभं राहायचं नाही, आणि घळीत किंवा खिंडीत तर अजिबात नाही, ती धुराड्यासारखी ओढते. जळून गेलेल्या बाजूने, मागून आणि कडेने काम करायचं म्हणजे वेळ आली तर राखेत मागे सरकता येतं. एक माणूस काहीही न करता फक्त लांबून वारा आणि आग बघत उभा हवा, आणि तो ओरडला की सगळ्यांनी हातातलं टाकून निघायचं, वाद नाही. सुती जाड कपडे, पूर्ण बाह्या, चामड्याचे बूट. सिंथेटिक ट्रेकिंग टी-शर्ट घरी ठेवा. आणि दुपारी वारा वाढतो, आग विझली वाटत असतानाच सगळे सैल होतात. यार्नेल काय, नागझिरा काय, वारा फिरला तो दुपारनंतरच.

*

केदार_के

मिलिंदचा प्रतिसाद वाचून माझा प्रश्न बदलला. ‘का उतरले’ पेक्षा ‘त्यांना तिथे पाठवताना आपण काय देऊन पाठवलं’ हे विचारायला हवं. उत्तराखंडात बिनसरला जून २०२४ ला वन विभागाची माणसं गाडीतून आग विझवायला गेली होती, चार जण जागीच गेले आणि भाजलेल्यांपैकी काही नंतर दिल्लीत उपचार चालू असताना. त्यातही फायर वॉचर, रोजंदार होते. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यात तीन वॉचर. म्हणजे आपल्याकडे हे एकट्या नागझिऱ्याचं नाही.

प्राचीताई, ते शेल्टर नेमकं असतं काय आणि भारतात देता येईल का? १९ जण त्यातच गेले ना, मग उपयोग काय?

*

प्राची_फिनिक्स

@केदार शेल्टर म्हणजे एका माणसाचा घडी घालून कमरेला अडकवता येणारा तंबू, वजन दोन किलोच्या आसपास. बाहेरून ॲल्युमिनियमची फॉइल, आत सिलिका आणि फायबरग्लासचं कापड. जमिनीला तोंड टेकवून, पाय आगीकडे करून, कडा अंगाखाली दाबून पडायचं. लांबून येणारी उष्णता तो परतवून लावतो, पण ज्वाळा थेट अंगावर आली तर थर सुटायला लागतात आणि फॉइल वितळते. यार्नेलला तापमान २००० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं होतं, त्यात काहीच टिकलं नसतं. तरी १९७७ ला अमेरिकेत हे सक्तीचं झालं तेव्हापासून शेकडो लोक यामुळे वाचलेत. पण अनिकेत म्हणतोय ते आधी. मिलिंदच्या मामांना पहिल्यांदा बूट, सुती आगरोधक कपडे आणि चालणारा वॉकीटॉकी मिळू दे, तो खर्च फार नाही.

इथेही आपोआप काही झालं नाही. केंद्राच्या फायरफायटर्सना कित्येक दशकं ‘फॉरेस्ट्री टेक्निशियन’ या पदनामावर ठेवलं होतं, २०२१ पर्यंत कित्येकांचा मूळ पगार तासाला १५ डॉलरच्याही खाली. त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं संसदेत खेटे घालत राहिल्या तेव्हा २०२१ च्या कायद्याने तात्पुरती वाढ मिळाली आणि ती कायम व्हायला मार्च २०२५ उजाडला. मेलेल्यांच्या बायका, आया, भाऊ साक्ष द्यायला जात होते. यार्नेलच्या क्रूचं म्हणाल तर प्रेस्कॉट शहराने तो परत उभा केला नाही.

*

मिलिंद_गोंदिया

केदारदादा, अनिकेतदादा, एक मदत पाहिजे. आमच्याकडं ग्रामसभेत आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीत ठराव घेऊन मागणी पाठवता येते. फायर वॉचरचा सीझन सुरू व्हायच्या आधी विमा उतरवलेला असावा आणि त्याच्या हातात त्याचा कागद असावा, आणि कामावर घेतलं त्याची नोंद नावानिशी रोजच्या रोज असावी, एवढंच मागायचं आहे. नोंदच नसली की माणूस मेल्यावर तो तिथं कामावर होता हेच सिद्ध होत नाही. तुमच्याकडं त्या बाईंना झालं तसं. मराठीत नीट मसुदा करून द्याल का? मोहाच्या जाळ्यांचं पण त्यातच टाकू. आम्हाला जानेवारीच्या सभेत मांडायचा आहे.

*

केदार_के

@मिलिंद देतो. माझी बहीण वकील आहे, तिच्याकडून तपासून घेतो. तुमच्याकडे मजुरांना सध्या हजेरीचा काय कागद मिळतो, व्हाउचर की मस्टर, त्याचा नमुना असेल तर नाव झाकून मेसेजमध्ये पाठवा.

*

डॉ_शुभांगी

मसुद्यात सीझनच्या आधी आणि नंतर फुफ्फुसांची तपासणी पण घाला. स्पायरोमेट्री साधी असते, जिल्हा रुग्णालयात होऊ शकते. आणि रिपोर्टची एक प्रत मजुराकडे राहिली पाहिजे, नुसती ऑफिसात नको. वैद्यकीय भाग मी लिहून देते.